कार्ताहेना पाहावं शत्रूच्या वाटेने

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं कार्ताहेना दे इंदियास हे शहर बहुतेक पाहुणे उलट्या क्रमाने पाहतात. आधी घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत शिरायचं, मग बोगनवेल लोंबणारे सज्जे, मग चौकातली कॉफी. किल्ला शेवटी, वेळ उरला तर, भर दुपारी बारा वाजता. किल्ल्यावर सावली नावाला नाही. डोकं तापतं आणि ‘नुसते उतार आणि भिंती’ एवढंच लक्षात राहतं.

हे शहर पेद्रो दे एरेदियाने १५३३ मध्ये वसवलं. दक्षिण अमेरिकेतला खजिना स्पेनला नेणाऱ्या ताफ्यांचा हा मुक्काम होता, त्यामुळे चाचे आणि परकी आरमारं यांचा इथे कायम डोळा. इथली जवळजवळ प्रत्येक जुनी वास्तू हल्ल्याची धास्ती, गोड्या पाण्याची टंचाई आणि उकाडा या तीन गोष्टींनी घडवली आहे. म्हणून पाहायचा क्रमही तोच धरावा: खाडीच्या तोंडापासून आत, शत्रू आला तसं. इंग्रज दर्यासारंग एडवर्ड व्हर्नन १७४१ मध्ये याच वाटेने आला आणि सान फेलिपे किल्ल्याच्या पायथ्याशी अडकला. तुम्हाला तिथून पुढे जायचं आहे.

दोन पूर्ण दिवस हवेतच. खाडीच्या तोंडावरचे किल्ले पाहायचे असतील तर तिसरा.

निघण्याआधी

वर्षभर तापमान तिशीच्या आसपास आणि हवा दमट. डिसेंबर ते मार्च वारा वाहतो, तेव्हा चालणं सुसह्य होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस सगळ्यात जास्त, आणि भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला तर सखल रस्त्यांवर घोट्याएवढं पाणी साचतं. ११ नोव्हेंबर हा शहराचा स्वातंत्र्यदिन. त्या आठवड्यात मिरवणुकांचा दंगा बघायचा असेल तर जरूर या, वास्तू बघायच्या असतील तर टाळा. कोलंबियात बऱ्याच सुट्ट्या सोमवारी ढकललेल्या असतात, त्यामुळे जोडून आलेल्या सुट्टीत देशभरातली माणसं इथे लोटतात.

दिवसाचे तीन तुकडे करा. सकाळी उघडल्या उघडल्या किल्ला किंवा तट, अकरा ते साडेतीन संग्रहालयं आणि घरांचे चौक, चारनंतर पुन्हा तट. दहाव्या अक्षांशावरचं शहर आहे, संध्याकाळ लांबत नाही; साडेपाच ते सव्वासहाच्या दरम्यान सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात काळोख होतो. बंदरात मोठं प्रवासी जहाज लागलं असेल तर नऊनंतर किल्ला आणि घड्याळाचा मनोरा गर्दीने भरतो. राहत्या ठिकाणी आदल्या रात्री विचारून घ्या, त्यांना जहाजांचं वेळापत्रक माहीत असतं.

पैशाच्या दोन गोमी आहेत. पाटीवर डॉलरचं चिन्ह दिसलं तरी तो आकडा कोलंबियन पेसोचा असतो. दुसरं, बोलताना ‘मिल’ म्हणजे हजार हा शब्द गिळतात; विक्रेता ‘वेइंते’ म्हणाला तर वीस नव्हे, वीस हजार पेसो. टॅक्सीला मीटर नाही, भाडं बसण्याआधी ठरवा. डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या, रंगीत झग्यातल्या बायका दिसतील, त्या पालेंकेरा. त्यांचा फोटो काढायचा तर पैसे द्यायचे असतात. रक्कम आधी विचारावी, म्हणजे नंतर वाद नाही.

नकाशाचा एक घोळ आधीच समजून घ्या. जुन्या शहरात रस्त्याचं नाव प्रत्येक चौकाला बदलतं. सरळ चालत राहिलात तरी चार चौकांत चार नावं होतात. त्यामुळे रस्त्याच्या नावावरून वाट विचारण्यात अर्थ नाही; चर्च, चौक किंवा बुरूज यांच्या नावाने विचारा.

बुटांचा तळवा खरखरीत हवा. तटावरच्या दगडी उतारांवर पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखी घसरण होते, आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही.

खाडीचं तोंड: बोकाचिका

शहरासमोर तिएर्राबोंबा हे बेट आडवं पडलं आहे. त्याच्या उत्तरेची वाट बोकाग्रांदे, म्हणजे मोठं तोंड, आणि दक्षिणेची बोकाचिका, छोटं तोंड. पूर्वी जहाजं मोठ्या तोंडातून येत. १६४० मध्ये तिथे जहाजं बुडाली, त्यांच्याभोवती वाळू साचत गेली आणि वाट बुजली. स्पॅनिश लोकांना हे पथ्यावरच पडलं, कारण अरुंद तोंड राखणं सोपं. पुढे वाळू वाहून जाऊ लागल्यावर आंतोनियो दे आरेवालो या लष्करी अभियंत्याने १७७१ ते १७७८ या काळात बोकाग्रांदेच्या तोंडात पाण्याखाली दगडाचा बांध घातला. वरून काही दिसत नाही, पण तो आजही तिथे आहे. शहराच्या तटबंदीतला हा सर्वांत हुशार भाग, आणि त्याचा फोटो काढता येत नाही!

बोकाचिकाला जायला मुएये दे ला बोदेगीता या धक्क्यावरून होड्या सुटतात. इथे एक चूक हमखास होते: रोसारियो बेटांच्या सहलीची बोट किल्ल्याजवळून जाते, म्हणून लोक तिचं तिकीट काढतात. ती थांबत नाही, किंवा थांबलीच तर काही मिनिटं. बोकाचिका गावात उतरवणारी बोट हवी, हे स्पष्ट बोलून घ्या आणि परतीची वेळ नावाड्याकडून पक्की करा. डिसेंबर ते मार्च दुपारनंतर वारा चढतो आणि लहान होडी चांगलीच आपटते. सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत परत या.

तिएर्राबोंबाच्या टोकावर नालेच्या आकाराचा सान फेर्नांदो किल्ला आहे, समोरच्या खडकावर सान होसेचा ठाणा. सान होसे बसका का, हे होडीतूनच लक्षात येतं. त्याच्या तोफा पाण्याच्या जवळजवळ पातळीवर होत्या, गोळा जहाजाच्या पोटात, पाणरेषेवर लागावा म्हणून. उंचावरून मारलेला गोळा डेकला भोक पाडतो, पाणरेषेवरचा जहाज बुडवतो. आज दिसणारे हे दोन्ही किल्ले व्हर्ननच्या नंतरचे. त्याच्या वेळी इथे सान लुईस नावाचा किल्ला होता. तो त्याने तोफांनी फोडला, पण त्यात त्याचे दोन आठवड्यांहून जास्त दिवस गेले. ते दिवस त्याला पुढे महागात पडले.

पोपाची टेकडी

शहरातली सर्वांत उंच जागा, सुमारे १५० मीटर. माथ्यावर १६०७ मध्ये स्थापन झालेला ऑगस्टिनियन पंथाचा मठ आहे. समुद्रावरून टेकडी जहाजाच्या मागल्या भागासारखी दिसते, म्हणून नाव पोपा. चालत चढू नका. रस्त्यालगतची वस्ती पाहुण्यांसाठी सुरक्षित मानली जात नाही. टॅक्सी जाऊन-येऊन थांबण्यासह ठरवा, वर परतीची गाडी मिळत नाही. मठाचा चौक फुलांनी भरलेला आणि थंड आहे, पण चढायचं खरं कारण नकाशा. इथून खाडी, बेट, दोन्ही तोंडं, हेत्सेमानी ही जुनी वस्ती आणि तटाच्या आतलं शहर एका नजरेत येतं. खाली सान फेलिपे किल्ला दिसेल. व्हर्ननच्या माणसांनी ही टेकडी घेतली होती, तेव्हा त्यांनाही तो असाच खाली दिसला असणार. अर्धा तास पुरे.

सान फेलिपे दे बाराहास

इथे दोन तास द्या आणि दार उघडताच आत शिरा. पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, आणि भुयारांसाठी मोबाइलचा दिवा. तिकीट काढल्यावर लगेच उतार चढायला लागू नका. आधी पायथ्याच्या मोकळ्या जागेत दोन मिनिटं उभे राहून किल्ल्याची दोन वयं वेगळी करा.

सान लाझारो टेकडी जेमतेम ४० मीटर उंच. तिच्या माथ्यावरचा लहान भाग, त्याला बोनेते म्हणजे टोपी म्हणतात, तो १६५७ चा. बाजूंनी खाली ओघळलेल्या, टेकडीच गिळून टाकणाऱ्या प्रचंड उतरत्या भिंती आणि तोफांचे ओटे आरेवालोने १७६२ नंतरच्या काही वर्षांत बांधले. म्हणजे १७४१ मध्ये ज्याने इंग्रजांना थोपवलं तो आज दिसणारा अजस्र किल्ला नव्हेच. माथ्यावरची टोपी, तिच्याभोवती घाईने खणलेले चर आणि उभारलेले आडोसे, एवढंच होतं. बाकीचं सगळं त्या धसक्यातून नंतर आलं. बरेच वाटाडे हे दोन्ही काळ एकत्र कालवून सांगतात.

हल्ला २० एप्रिल १७४१ च्या पहाटेआधी झाला. शिड्या आखूड पडल्या असं सांगतात. वाटा चुकल्या, उजाडलं आणि उघड्या उतारावरची माणसं टिपली गेली. त्याहून मोठा शत्रू होता पिवळा ताप. खाडीच्या तोंडाशी गेलेल्या दिवसांत तो छावणीत पसरला होता, आणि मे महिन्यात ताफा परत फिरला. बचावाचा आरमारी सेनापती ब्लास दे लेसो, आधीच्या लढायांत एक पाय आणि एक डोळा गमावलेला, एक हात निकामी झालेला. त्याचा पुतळा पायथ्याशी आहे. इंग्लंडमध्ये विजय गृहीत धरून, गुडघे टेकलेल्या लेसोची पदकंसुद्धा पाडून झाली होती. लेसो स्वतः त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला.

आता चढा, आणि चढताना दर ओट्यावर थांबून मागे वळून पाहा. प्रत्येक तोफओट्याची शत्रूकडची भिंत जाड आणि उंच. वरच्या ओट्याकडची बाजू मात्र उघडी किंवा अगदी बुटकी. हा निष्काळजीपणा नाही. खालचा ओटा शत्रूच्या हाती गेला तर त्याला तिथे आडोसा मिळू नये आणि वरच्या तोफांनी त्याला झोडपता यावं, म्हणून ही रचना. सान्ता बार्बारा किंवा ला क्रूस या ओट्यांवर उभं राहून वर पाहिलंत तर आपण किती उघडे आहोत हे अंगावर येतं.

भिंतीचा उतार हाताने तपासा. सरळ उभ्या भिंतीवर गोळा पूर्ण जोराने आदळतो, कललेल्या भिंतीवर तो वर सटकतो. शिवाय मागे भरीव माती आणि टेकडी. फोडायला पोकळ भिंत नाहीच.

भुयारांत शिरताना आधी दिवा बंद ठेवा आणि अर्धं मिनिट डोळे सरावू द्या. तीन गोष्टी पाहायच्या. पहिली कोनाडे: दोन्ही बाजूंना, पण समोरासमोर नव्हे, एकाआड एक. शिपाई कोनाड्यात दबून उभा राही आणि आत शिरणारा माणूस मागच्या उजेडामुळे नुसती काळी आकृती दिसे. दुसरी आवाज: एकाला वीस-पंचवीस पावलं पुढे पाठवा आणि हळू बोलायला सांगा. पुटपुटणंसुद्धा साफ ऐकू येतं, मग दगडावरच्या बुटांचं काय. तिसरी जमिनीचा उतार: काही बोगदे खाली खाली जात टेकडीच्या पायाशी पोचतात, तिथे पाणी साचलेलं असतं. ते शत्रूने सुरुंग पेरायला खणलं तर ऐकू यावं आणि उलट सुरुंग लावता यावा यासाठी. छत काही जागी फार बुटकं आहे, उंच माणसांनी कपाळ सांभाळावं. कोंडल्यासारखं होत असेल तर लांब उतरत्या भुयारात जाऊ नका. मधेच वळून मागे यायचं तर मागच्या रांगेला ढकलत यावं लागतं.

हेत्सेमानी आणि दरवाजा

किल्ल्यावरून हेत्सेमानीत चालत दहा-पंधरा मिनिटं. हा भाग पूर्वी वेगळं बेटच होता. इथे कारागीर, खलाशी, मुक्त झालेले काळे लोक राहत, म्हणून घरं एकमजली आणि दारं साधी. ११ नोव्हेंबर १८११ ला स्पेनपासून संपूर्ण स्वातंत्र्य जाहीर करायला भाग पाडणारा जमाव याच वस्तीतून निघाला. त्याचा पुढारी पेद्रो रोमेरो याचा पुतळा त्रिनिदादच्या चौकात आहे. चौक संध्याकाळी जिवंत होतो, सकाळी नुसता ओलांडायचा.

पुढे कामेयोन दे लोस मार्तिरेस या रुंद वाटेवर संगमरवरी अर्धपुतळे लागतात: स्पेनने १८१५ मध्ये शहर पुन्हा जिंकल्यावर पुढच्या वर्षी गोळ्या घातलेले स्वातंत्र्यवादी. ते पाहत पाहत समोर घड्याळाच्या मनोऱ्याचा पिवळा दरवाजा येतो.

याचं जुनं नाव बोका देल पुएंते, पुलाचं तोंड. इथे खाडीचा फाटा होता, त्यावर उचलता पूल. दरवाजा आणि वरचा मनोरा एकाच काळाचे नाहीत. खालचा भाग वसाहतकाळातला, मनोरा लुईस फेलिपे हास्पे याने १८८८ मध्ये चढवलेला. आज तीन कमानी उघड्या आहेत. मूळ वाट फक्त मधली.

आत पाऊल टाकलंत की तिकोनी प्लासा दे लोस कोचेस. मिठाईच्या दुकानांची कमानी ओसरी, फेरीवाले, संगीत. याच जागी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा लिलाव होई. शेजारच्या प्लासा दे ला आदुआनात, म्हणजे जकातीच्या चौकात, मालाची नोंद. दोन्ही चौक दरवाजाला आणि धक्क्याला चिकटून का, याचं उत्तर एवढंच: माल फार आत न नेता मोजायचा, कर घ्यायचा, विकायचा. माणूसही त्यात मालच.

तिथून दोन मिनिटांवर सान पेद्रो क्लावेर चर्च. क्लावेर हा स्पेनच्या कातालोनियातला, जेझुइट पंथाचा धर्मगुरू, १६१० मध्ये इथे आला आणि १६५४ मध्ये मरेपर्यंत गुलामांच्या जहाजांवर पाणी, अन्न, औषध घेऊन जात राहिला. त्याच्या अस्थी मुख्य वेदीखाली काचेआड आहेत. तिकीट काढून मठाच्या भागातही जा. भर दुपारी शहरात याहून गार चौक सापडणं कठीण. बाहेरून घुमट मात्र फसवतो. तो विसाव्या शतकातला, फ्रेंच वास्तुकार गास्तों लेलार्ज याचा. कॅथेड्रलच्या मनोऱ्याचा शेंडाही त्याचाच. फोटोंत कार्ताहेनाची ‘वसाहतकालीन’ आकाशरेषा म्हणून जे मिरवतं, त्यातला बराच भाग शंभरेक वर्षांचाच आहे.

बोलिवार चौकातला इन्क्विझिशनचा वाडा दुपारसाठी ठेवा. अमेरिका खंडात मेक्सिको आणि लिमानंतरचं तिसरं धर्मन्यायालय १६१० मध्ये इथे बसलं. दगडी कोरीव दरवाजा मात्र १७७० चा, आणि १८११ मध्ये न्यायालयच उठलं. म्हणजे हा डौलदार दरवाजा त्या कामी जेमतेम चाळीस वर्षं वापरला गेला. आत जाण्याआधी बाजूच्या गल्लीत वळा. भिंतीत वर क्रूस असलेली छोटी खिडकी आहे, निनावी तक्रारी टाकायची. मुख्य दरवाज्यापेक्षा ही वीतभर खिडकी जास्त सांगते.

घर कसं वाचायचं

१५५२ च्या आगीनंतर लाकूड-गवताची बांधकामं बंद झाली. दगड, वीट, कौल सक्तीचं झालं. दगड तिएर्राबोंबाच्या खाणीतला, प्रवाळाचा. गिलावा निघालेली भिंत दिसली की नाक लावून पाहा: मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं, मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी. तो खरोखरचा प्रवाळ आहे. हा दगड ओल शोषतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकतो. दुरुस्तीत चुन्याऐवजी सिमेंट लावलं की ओल आत कोंडते, मिठाचे खडे फुगतात आणि दगड पिठासारखा गळतो. जिथे गिलाव्याचे पोपडे आणि खाली पांढरी भुकटी दिसेल, तिथे हे झालं आहे असं खुशाल समजा.

आता एखाद्या दुमजली घरासमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि वरून खाली या.

कौलारू छप्पर पुढे झुकलेलं, सज्जा लाकडी, कातीव लाकडी दांड्यांचा, त्यावर स्वतःचं छोटं कौलारू छप्पर: वसाहतकालीन ठेवण. छप्पर कठड्याआड लपवलेलं, सज्जा विटा-चुन्याचा, ओतीव खांबट्यांचा: एकोणिसाव्या शतकानंतरचं, प्रजासत्ताकाच्या काळातलं. एकाच घरात दोन्ही सापडतात, कारण जुन्या घरावर नवा मजला किंवा नवं तोंड चढवायची पद्धत होती. छपरावर चौकोनी खोली वर आली असेल तर ते व्यापाऱ्याचं घर. जहाज दिसतंय का हे पाहायला ती.

खाली येताना मधे बुटक्या खिडक्यांची ओळ दिसते का पाहा. तो मधला माळा, एंत्रेस्वेलो. तळमजल्यावर दुकान-वखार, माळ्यावर माल आणि नोकर-गुलाम, कुटुंब सगळ्यात वर, वाऱ्यावर.

दार दोन माणसांच्या उंचीचं, कारण माल लादलेलं जनावर किंवा गाडी आत जायची. रोजच्या वापराला त्यातच कापलेली दिंडी. ठोठावायच्या कड्यांबद्दल वाटाडे छातीठोक सांगतात: सरडा म्हणजे राजघराण्याशी नातं, सिंह म्हणजे लष्कर, मासा किंवा जलपरी म्हणजे समुद्रावरचा व्यापार. ऐकायला छान आहे, पण आज लटकणाऱ्या कित्येक कड्या नव्याने ओतलेल्या आहेत आणि मालकाला आवडली ती लावलेली आहे. कडीवरून घराचा इतिहास काढू नका. दारावरच्या पितळी गोल खिळ्यांचंही तसंच: मोठे आणि जास्त खिळे म्हणजे जास्त पैसा, एवढं पुरे.

दार उघडं असेल तर डोकवा. हॉटेल किंवा दुकान झालेल्या घरांत विचारून चौकापर्यंत जाऊ देतात. आत शिरल्यावरची ओसरी म्हणजे सागुआन. सागवानाशी संबंध नाही, ही सरळ आपली देवडी. पुढे चौक, आणि चौकात किंवा त्याच्या कडेला दगडी तोंडाचं टाकं, आल्हीबे. शहराला गोडी नदी नाही, विहिरी मचूळ. मग छपराच्या उताराचं पाणी पन्हळीने या टाक्यात. छप्पर आतल्या बाजूला उतरतं करून कौलांखालची पन्हळ चौकाकडे वळवलेली दिसेल. आता टाक्यावर झाकण टाकून कुंडी ठेवलेली असते आणि लोक तिथे पर्स टेकवतात.

दोन चर्चं

सांतो दोमिंगोच्या चौकात सगळे कांस्य पुतळ्याभोवती घोटाळतात. तुम्ही चर्चच्या बाजूच्या गल्लीत जा. भिंतीला टेकवलेले दांडगे दगडी टेकू रस्त्यात घुसले आहेत. मधला गाळा फार रुंद घेतला, त्यावर जड छत चढवलं, छत बाहेरच्या बाजूला रेटू लागलं आणि तडे गेले. मग हे टेकू द्यावे लागले. मनोराही सरळ नाही. सैतानाने वाकवला म्हणतात. वास्तविक गणित चुकलं.

दुसरं सांतो तोरिबियो. १७४१ च्या वेढ्यात प्रार्थना चालू असताना तोफेचा गोळा आत येऊन खांबावर आदळला, कोणी दगावलं नाही. गोळा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला आहे. लाकडी छताची मूरिश, म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानी धर्तीची जुळणी मान वर करून पाहण्यासारखी. हे चर्च सहसा प्रार्थनेच्या वेळेलाच उघडं मिळतं. खांदे झाका, मागच्या बाकावर बसा, फोटो नंतर.

तटावरून, उतरत्या उन्हात

चारनंतर सांतो दोमिंगो बुरुजावर चढा. इंग्रज दर्यावर्दी ड्रेक १५८६ मध्ये याच बाजूने आला होता: माणसं वाळूच्या पट्ट्यावर उतरवली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालवत आणली. शहर त्याने १,०७,००० डुकाटांची (डुकाट हे जुनं चलन) खंडणी घेऊन सोडलं. त्याच साली बाउतिस्ता आंतोनेल्ली हा इटालियन अभियंता तटबंदीच्या आखणीसाठी आला. बांधणी पुढे त्याचा भाचा क्रिस्तोबाल दे रोदा याने चालवली.

बुरुजाच्या टोकाशी उभे राहून दोन्ही बाजूंच्या तटाच्या रेषा पाहा. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक आंधळी जागा राहते, तिथे पोचलेल्या शत्रूवर तटावरून कुठूनच मारा करता येत नाही. टोकदार बुरुजात ती जागा उरत नाही, कारण शेजारच्या बुरुजाच्या बगलेतल्या तोफा ह्याच्या तोंडावरून गोळे फेकतात. वसईचा कोट पाहिलेल्याला हा आकार ओळखीचा वाटेल. खात्री करायची तर बगलेतल्या तोफेच्या झरोक्यातून पाहा: समोर समुद्र दिसत नाही, शेजारचा तट दिसतो.

समुद्राच्या बाजूचा तट बसका का, असाही प्रश्न पडतो. उंच भिंत तोफेला सोपं निशाण, आणि इथे दुसरा शत्रू लाटा. त्या काळी लाटा तटाच्या पायाशी आदळत आणि त्यांनी तट वारंवार फोडला. आज मधे अवेनिदा सांतांदेर हा रस्ता आहे, म्हणून ते जाणवत नाही.

इथून समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत राहा, रमतगमत चाळीस मिनिटं. टेहळणीच्या दगडी टोप्या, गारीता, लागतील. आत शिरा, पण काठावर बसू नका; खाली सरळ खोल आहे. सूर्यास्ताला पहिल्या बुरुजावरच्या गर्दीत बसण्यापेक्षा पुढचे बुरूज बरे, जवळजवळ रिकामे असतात.

शेवटी सान्ता क्लारा आणि सान्ता कातालिना या बुरुजांमध्ये लास बोबेदास. तटाच्या अंगातच बसवलेल्या २३ कमानी खोल्या, पुढे ४७ कमानींची ओसरी. अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस आरेवालोने बांधलेल्या, तटाच्या आतलं स्पेनचं हे शेवटचं मोठं काम. दारूगोळा आणि शिपाई तोफांच्या माऱ्यातही सुरक्षित राहावेत म्हणून छत जाड आणि गोलाकार. पुढे तुरुंग म्हणूनही वापरल्या गेल्या. आता प्रत्येक खोलीत हमॉक आणि टोप्यांचं दुकान. दुकानं बंद व्हायच्या आत पोचायचं असेल तर सूर्यास्तासाठी बुरुजांवर फार रेंगाळू नका. आत गेल्यावर माल बाजूला सारून मागच्या भिंतीपर्यंत जा. तिथे उजेडाची एक अरुंद फट आहे. तिच्यात हात घाला, खांद्यापर्यंत घातला तरी बोटं बाहेर लागत नाहीत. तटाची जाडी मोजायला दुसरं माप लागत नाही.